फेटिया उचलून चालणारी गाडी

आमच्या भियाची गाडी पहिल्या गिअरात मागं गेली, हे केळापूरपासून मारेगावपर्यंत सगळ्याइले माहीत आहे. बाजारात अजूनही कोणी ना कोणी मले पाह्यलं की दोन्ही हात छातीकडं हलवत ओरडते, "येऊ द्या, येऊ द्या!" ओरडू द्या. पण ती मागं काहून गेली, अन् तिच्यावर भियाचं लग्न कसं टांगलेलं होतं, हे कोणी नीट सांगत नाही. जो तो आपल्या मनानं मीठमसाला टाकते. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं. गाडी बनवताना मी तर तिच्या खालीच होतो, तोंडात ग्रीस गेलेला. माह्याइतकं जवळून कोणी पाह्यलंच नाही.

भिया म्हणजे माझा मोठा भाऊ. आम्ही तांड्याचे लोक. आमच्या गोरबोलीत भावाले भिया म्हणतात अन् आईले याडी. आमचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरत. आता तांडा एका जागी बसला, कपाशी पेरते, तूर पेरते, पण जुनी सवय काही जात नाही. कोणतंही सामान हलवायचं म्हटलं की आधी चार माणसं त्याच्याभोवती उभे राहतात अन् ह्यातलं काय काय कमी करता येईन ह्याची चर्चा करतात. ओझं कमी करणं हा आमच्याकडं एक रोगच आहे म्हणा ना. आमची याडी बाजारात निघाली की पिशवी रिकामीच असते, तरी ती एकदा झटकून पाहते.

तांडा केळापूरच्या पल्याड, पक्क्या सडकेपासून चांगलाच आत. मधी सगळी काळी माती अन् एक नाला. उन्हाळ्यात ठीक. पण पाऊस लागला की ती माती चाकाले चढत जाते, चढत जाते, चाक पुरीसारखं फुगते अन् मग फिरतच नाही. बैल उभे. माणूस उतरून काडीनं चाक खरवडते. दहा पावलं झाली की पुन्हा खरवडते. पायी गेलं तर वाहाणेले पण तसंच. आमच्याकडं पावसाळ्यात माणूस तांड्यातून निघते तेव्हा एक उंचीचा असते अन् सडकेवर पोचते तेव्हा दुसऱ्या.

तर अशा त्या रस्त्यानं भियाचे होणारे सासरे आले. आषाढात! दुसरा महिना सापडला नाही त्याइले.

पोरगी मारेगावकडच्या तांड्यातली. भिया तेव्हा पांढरकवड्याच्या एका जिनिंगवाल्या शेठचा ट्रक चालवत होता. बाजाराच्या दिवशी त्यानं ट्रक नेमका तिच्या मिरच्यांच्या ढिगासमोर उभा केला अन् लोक हटत नाहीत म्हणून हॉर्न वाजवत बसला. तर ती उठली, दाराशी आली अन् म्हणाली, "ड्रायवरसाहेब, येवढं बोंबलता येते, तं थोडं सरकता बी येत असन ना?" बस. भिया सरकला तो त्या दिवसापासून सरकलेलाच आहे. घरी येऊन याडीले म्हणते, मिरची आणायची आहे का? घरात मिरचीचं पोतं पडलेलं.

सासऱ्याइची बैलगाडी नाल्यात फसली. उरलेला रस्ता ते पायी आले. त्यात एक वाहाण चिखलानं खाल्ली. एक पाय वाहाणेत, एक पाय काळा, असे ते नायकाच्या खाटेवर बसले. नायक म्हणजे तांड्याचा मुखिया, आमच्याकडं सोयरीक त्याच्यासमोरच ठरते.

"पोरगा चांगला हाये," सासरे म्हणाले. "घर बी चांगलं हाये. पोरीले पसंत हाये असं तिची माय म्हनते. पन रस्ता?"

"रस्ता का, होईन ना," नायक म्हणाला. "आता आपलं राज्य झालं. सरकार करून राह्यलं."

"कवा?"

"करून राह्यलं ना, मामा."

सासऱ्याइनं आपल्या काळ्या पायाकडं पाह्यलं. मग नायकाकडं.

"माही मोठी पोरगी मी अशाच आतल्या तांड्यात देल्ली," ते म्हणाले. "पावसाळा लागला की चार महिने ना ती येत, ना आमाले जाता येत. मागच्या साली ती बिमार होती, आमाले दसऱ्याले समजलं. तिची माय रोज दारात बसून सडकेकडं पाहून राह्यते. आता दुसरीच्या बारीले मी तेच करू का?"

याडीनं आत भांडं खाली ठेवलं.

"भर पावसात तुमच्या दारापर्यंत गाडी आली पाहिजे," सासरे म्हणाले. "पोळ्यापर्यंत दाखवा. नाही तं मारेगावजवळच्या एका तांड्यातून बी विचारून राह्यले. पोरगा काही येवढा नाही. पन दारातून मोटार जाते."

"बैलगाडी चालन का?" नायकानं विचारलं.

"बैलगाडीनं आत्ताच माही वाहाण खाल्ली. मोटार, ट्रक, इमान, काहीबी आना. पन बैल नाही."

भिया तिथंच उभा होता. म्हणाला, "आनतो."

मी त्याच्या बरगडीत कोपर मारलं. काय आणतो बे? कुठून आणतो?

पण भियाच्या डोक्यात ट्रक होता. शेठचाच एक म्हातारा ट्रक मागच्या हिवाळ्यात आमच्याकडची कपाशी भरून नेताना नाल्यात मागची आख, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, तोडून बसला होता. ओढून तांड्याच्या बाजूले मोहाच्या झाडाखाली टाकलेला. शेठ म्हणाला होता, "काढता आला तं तुहा, नाही तं कोंबड्याइचा." कोंबड्याइनं तवर ताबा घेतलाच होता. स्टिअरिंगच्या खाली एक लाल कोंबडी अंडे घालून बसे अन् कोणाले आत येऊ देत नसे.

आता नुसती आख बदलून भागत नव्हतं. साध्या ट्रकची आख चाकाच्या मधोमध असते अन् आखेच्या मधात लोखंडाचा हा येवढा गोळा लटकलेला असते. चिखलात चाक थोडं रुतलं की तो गोळा नांगरासारखा जमिनीत घुसते. ट्रक चालत नाही, वावर नांगरते. आमच्या नाल्यात तर त्या गोळ्यानं केलेली नाली अजून आहे.

तर भियाले कोणी तरी सांगितलं की बाभुळगावच्या रस्त्याले एका भंगारवाल्याच्या वावरात लढाईच्या वेळची एक मिलिटरी गाडी पडून आहे. आम्ही गेलो. संगं पांढरकवड्याचे मिस्त्रीचाचा. चाचा म्हणजे भल्ला माणूस. लढाईत मिलिटरीच्या कारखान्यात होते असं सांगतात. ती लढाई दर वर्षी थोडी मोठी होत जाते अन् चाचांचा तिच्यातला हात पण.

गाडीच्या टपातून बाभळीचं झाड वर आलेलं. चाचा खाली घुसले, अन् आतून ओरडले, "अरे! इधर आ! लवकर ये!"

मले वाटलं साप. मी मागं झालो. भिया खाली घुसला.

"आख कुठी हाये?" चाचांनी विचारलं.

"वरती."

"अन् चाकाचा मधला भाग?"

"खाली."

"मंग? समजलं का काही?"

तोवर मीही घुसलो होतो. अन् खरंच सांगतो, मले ते पाहून असं झालं की हात लावून पाहावं. आख चाकाच्या मधात नव्हतीच. ती चांगली वीतभर वर होती. दोन्ही टोकाले, चाकाच्या आतल्या बाजूनं, एक एक लोखंडी पेटी. तिच्यात वर एक दात्याचं चाक, खाली एक दात्याचं चाक. आख वरच्याले फिरवते, वरचं खालच्याले फिरवते, खालचं गाडीच्या चाकाले. म्हणून तो मधला गोळा जमिनीपासून येवढा उंच, की त्याच्याखालून आमची लाल कोंबडी मान ताठ करून गेली असती.

"हे चिखलात रुततच नाही," चाचा म्हणाले. "हे मी लढाईत पाह्यलं. नदीतून जात होते हे गाड्या. नदीतून!"

"दोन्ही काढू," भिया म्हणाला. "समोरची बी, मागची बी."

भंगारवाल्याशी गोष्ट झाली. भियानं शेठच्या कामातून सवड काढून त्याचं भंगार वाहून द्यायचं, त्याच्या बदल्यात दोन्ही आखा आपल्या. आम्ही बोल्ट सोडायले लागलो. अन् तिथं, अगदी तिथंच, आमच्या खानदानी रोगानं डोकं वर काढलं.

चेसीच्या मधात, गिअरपेटीच्या मागं, आणखी एक लोखंडी पेटी लटकलेली होती. भल्ली जड. भियानं तिले हात लावून हलवून पाह्यलं, हलली नाही. त्याचं तोंड लगेच वाकडं झालं.

"हे काय हाये, चाचा?"

"हे समोरच्या चाकाले जोर द्यायले असते. आपल्याले कुठी समोरून जोर पाहिजे? आपला ट्रक मागून चालते."

"मंजे हे काही उचलत नाही?"

"नाही. मधात बसून असते. इकडून डंडा येते, तिकडून डंडा जाते."

"मंग कायले न्यायचं येवढं ओझं?"

"नको नेऊ," चाचा म्हणाले. "मिलिटरीवाल्याइले काय, सरकारी लोखंड. जिथं एक लागते तिथं दोन लावतात."

निघताना भंगारवाल्यानं विचारलं पण, "हे राहून राह्यलं ना भाऊ तुमचं?" भिया म्हणाला, "राहू द्या तुमाले." अशा मोठ्या मनानं म्हणाला, जसा काही बैल दान करून राह्यला.

मग मोहाच्या झाडाखाली आमचं काम लागलं. आधी कोंबडीले हलवलं, ते सगळ्यात अवघड. मग सागवानाचे तीन बल्ले बांधून त्याच्यावरून दोर टाकला, दोराले बैलजोडी जुपली अन् नायक स्वतः बैलाच्या तोंडाशी उभा राह्यला. "चल" म्हटलं की ट्रकची मागची बाजू वर. "हो" म्हटलं की थांबली. बैल ट्रक दुरुस्त करून राह्यले, हे पाहायले बाजूच्या गावचे पण लोक येत. मी खाली. मातीत पाठ, छातीवर पाना, अन् वरून ग्रीस टपकते बरोब्बर तोंडात, कारण मी सारखा बोलत होतो. भिया म्हणे, "तू तोंड बंद ठेव, ग्रीस आपोआप बंद होईन."

मिलिटरीची आख आमच्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याखाली बसेना. पाटे दूर दूर, आखेवरच्या बैठका जवळ जवळ. चाचांनी लोहाराकडून जाड पट्ट्या करून आणल्या, त्या मधात घालून बोल्ट आवळले. गिअरपेटीपासून मागं जाणारा लांब डंडा कापून, पांढरकवड्यात वेल्डिंग करून आणला. समोरची आख नुसती चाकं धरायले लावली, तिच्या आतले फिरायचे दांडे काढून टाकले. हो, ओझं! काढून बाजूले ठेवल्यावर भियानं समाधानानं हात झटकले.

सगळं बसवून ट्रक खाली ठेवला, तर तो खाली आलाच नाही. म्हणजे आला, पण उंचच राह्यला. भियाले आत चढायले स्टूल लागला. बाया पाणी भरून येत होत्या, थांबल्या. याडीनं हांडा डोक्यावर ठेवूनच ट्रकले एक चक्कर मारली, खालून आरपार पाह्यलं अन् म्हणाली,

"हे तं फेटिया उचलून उभी हाये!"

फेटिया म्हणजे आमच्या बायाइचा घेरदार घागरा. चिखलातून जाताना त्या तो दोन्ही हातानं वर उचलतात. झालं. त्या दिवसापासून ट्रकचं नाव फेटियावाली. भियाले ते आवडलं नाही. त्यानं समोर देवाचं नाव लिहायचं ठरवलं होतं.

चालवून पाहायच्या दिवशी सगळा तांडा जमला. नायक नारळ घेऊन ट्रकच्या समोर. भियानं स्टुलावरून चढून, कपाळाले हात लावून गाडी सुरू केली. धूर निघाला, कोंबड्या पळाल्या. नायकानं नारळ फोडला अन् मोठ्यानं म्हणाला, "चल!"

भियानं पहिला गिअर टाकला अन् क्लच सोडला.

ट्रक नायकापासून मागं सरकला. आधी हळू, मग चांगला. मागं आमच्या न्हाणीचं तट्ट्याचं कूड होतं, ते घेऊन ट्रक थांबला. आत कोणी नव्हतं, देवाची कृपा. नायक फुटलेला नारळ हातात धरून तिथंच उभा.

"हे तं मले भ्यायली," नायक म्हणाला.

"तू मागचा टाकला!" मी ओरडलो.

"नाही बे, पहिला टाकला!"

"मंग दुसरा टाक!"

दुसरा टाकला तर ट्रक आणखी जोरात मागं गेला अन् उरलेलं कूड पण घेतलं. तिसरा टाकू नको म्हणून याडी ओरडली, कारण त्याच्या मागं तिचं घर होतं. मग मीच म्हटलं, गमतीनं म्हटलं हो, "मागचा टाकून पाह्य." भियानं मागचा गिअर टाकला. ट्रक कण्हला, थरथरला, अन् हळूहळू समोर चालायले लागला. बैलापेक्षाही हळू. नायकाच्या समोर येऊन थांबला.

कोणी हसलं नाही आधी. समजायले वेळ लागला. मग नायकानंच विचारलं, "मंजे आता समोर जायचं असन तं मागं चल म्हनायचं?" अन् मग जे हसणं सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत थांबलं नाही.

चाचा आले. खाली घुसले. बराच वेळ बाहेरच निघाले नाहीत. निघाले तर आधी चहा मागितला. चहा पिऊन झाला. दुसरा मागितला. मग म्हणाले,

"ती पेटी."

"कोनती?" भिया म्हणाला.

"फालतूवाली."

मग त्याइनं दोन बोटं एकमेकाले लावून दाखवलं. दात्याचं एक चाक इकडं फिरलं की त्याले लागलेलं दुसरं तिकडं फिरते. चाकाजवळच्या पेटीत वरचं खालच्याले फिरवते, म्हणून चाक उलटं फिरून राह्यलं. मिलिटरीच्या गाडीत ती मधली पेटी ह्याचसाठी होती. ती आधीच एकदा उलटं करत असे, मग दोनदा उलटं म्हणजे सुलटं. अन् ती पेटी आम्ही दान करून आलो होतो.

भिया सायकल घेऊन भंगारवाल्याकडं पळाला. पेटी नागपूरच्या भट्टीत जाऊन वितळली पण होती. मग चाचा म्हणाले, गोळ्याच्या आतलं मोठं दात्याचं चाक दुसऱ्या बाजूनं बसवलं तर सुलटं होईन. उघडून पाह्यलं. त्या बाजूले जागाच नव्हती.

म्हणजे आमच्या ट्रकले मागं जायचे गिअर चार अन् समोर जायचा एक. अन् पोळा जवळ आलेला.

लोक काय सोडतात का! वाटेनं जाणारा माणूस भियाले पाह्यलं की तोंड भियाकडं ठेवून मागं मागं चालत जाई. पोरं खेळतानाही 'मागं मागं' खेळत. भिया जेवेना. ट्रकच्या चाकाले टेकून बसून राही. कोंबडी तेवढी खूश, ती वापस आपल्या जागी येऊन बसली होती.

मी ग्रीस आणायले पांढरकवड्याच्या बाजारात गेलतो, तर मिरच्यांच्या ढिगामागून आवाज आला.

"का हो, तुमच्या भियानं नायकाले पाहून गाडी मागं घेतली म्हनते?"

तीच. पदरानं तोंड झाकून हसून राह्यली.

"समोर बी जाते," मी म्हटलं. "एकाच गिअरात. बैलाच्या चालीनं."

"नाल्यातून निघते का?"

"नाल्यातून काय, नदीतून निघन. गोळा हा येवढा उंच हाये!"

"मंग आडलं काय? माह्या बाबानं घाईघाईनं या असं म्हटलं होतं का?" अन् मग एकदम हसायची थांबली. "ते मारेगाववाले परवा आलते. बाबानं त्याइले चहा पाजला. एकदा पाजला. दुसऱ्यांदा आले तं जेवू घालन. तुमच्या भियाले सांगा, येवढा फेटिया उचलला, तं आता लाजून कायले बसला?"

मी धावतच घरी आलो. तिचा शब्दन् शब्द सांगितला, फेटियासकट. भियाचे कान लाल झाले. उठला, तोंड धुतलं, कोंबडीले उचलून याडीच्या हातात दिलं.

सासऱ्याइले निरोप गेला. पोळ्याच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी सडकेवर या, तिथून तुमाले गाडीनं तांड्यात नेतो. आदल्या रात्रीपासून पाऊस. नाल्याले पाणी. आता आम्हाले आधी सडकेवर जायचं होतं, तर ट्रक वळवलाच नाही. भियानं मान खिडकीतून बाहेर काढली, मी मागं फाळक्यावर उभा राहून ओरडत राह्यलो, "येऊ द्या, येऊ द्या, उजव्या हाताले, येऊ द्या!" अन् ट्रक तिसऱ्या गिअरात, मागं मागं, चिखल उडवत असा निघाला की मले फाळका धरून ठेवता येईना. नाला कवा आला अन् कवा गेला समजलं नाही. सडकेवर सासरे छत्री घेऊन उभे. ट्रकची पाठ त्याइच्याकडं. मी फाळक्यावरून राम राम केला.

सासऱ्याइनं ट्रकले वरपासून खालपर्यंत पाह्यलं. वाहाणा नवीन होत्या. त्या काढून हातात घेतल्या, स्टुलावरून चढले अन् खिडकीपाशी बसले. मी मधात. कारण समोर नेणारा तो एकुलता एक गिअर म्हणजे मुळातला मागचा गिअर, जोर लागला की तो निसटे. म्हणून दोन्ही हातानं अन् एका गुडघ्यानं दांडा दाबून धरायचं काम माह्याकडं.

निघालो. एंजिन केकाटून राह्यलं अन् गाडी चालून राह्यली गाभण म्हशीसारखी. पल्याडच्या गावची एक बैलगाडी मागून आली अन् आमच्या बाजूनं निघून गेली.

"ते बैल आपल्याले टाकून गेले," सासरे म्हणाले.

"हाव," भिया म्हणाला.

"त्याइच्या गळ्यात घंटी बी हाये."

"हाव, मामा."

"आपल्याले ते बी नाही."

मी दांडा धरून होतो, हसताही येईना, हसलो तर गिअर निसटते. मधात पाणी उकळलं, वाफ निघाली, थांबलो, डबकंभर पाणी पाजलं, पुन्हा निघालो. सासरे खिडकीतून खाली पाहत होते. चिखल चाकाच्या अर्ध्यापर्यंत आलता, पण गाडीच्या पोटाले लागत नव्हता. नाल्यापाशी आलो तर ती बैलगाडी मधात बसलेली. माणूस खाली उतरून चाक खरवडून राह्यला.

भियानं ट्रक बाजूनं पाण्यात घातला. पाणी वर आलं, मी डोळे मिटले, दांडा गुडघ्याखाली उड्या मारून राह्यला. भिया दात खाऊन म्हणून राह्यला, "धर, धर, धर बे." अन् आम्ही काठावर होतो. सासऱ्याइनं खिडकीतून पूर्ण बाहेर वाकून त्या बैलगाडीवाल्याले राम राम केला. येवढ्या प्रेमानं कोणी सोयऱ्यालेही करत नाही.

तांड्यात सगळे उभे होते, पण हसलं कोणी नाही. ट्रक बरोब्बर आमच्या दारात थांबला. सासरे स्टुलावरून उतरले, अंगणातल्या दगडावर उभे राहून वाहाणा घातल्या. दोन्ही पाय कोरडे. नायक पुढं झाला.

"आली ना गाडी?"

"आली," सासरे म्हणाले. "चालून आली का रांगून, ते मी कोनाले सांगनार नाही. पन आली." मग ते भियाकडं वळले अन् त्याइचा आवाज बदलला. "पोरा, येनं पाह्यलं मी. येनं सगळेच दाखवतात. माही पोरगी इकडं येईनच, ते काही मोठं नाही. पन कधी तिले वाटलं, कधी तिच्या मायले वाटलं, तं भर पावसात ह्या चिखलातून वापस माह्या घरी यायचं कसं? ह्याच चालीनं आली तं दिवाळी होईन."

भियाले कधी नाही ते सुचलं. मी शपथेवर सांगतो, मी शिकवलं नव्हतं.

"मामा, यायले एकच गिअर हाये," भिया म्हणाला. "वापस जायले चार हायेत."

आधी त्याइले समजलं नाही. मी पुढं होऊन सांगितलं की सकाळी सडकेवर आलतो ते तसेच आलतो, न वळवता, तिसऱ्या गिअरात. चौथा तर टाकलाच नव्हता. सासऱ्याइनं ट्रककडं पाह्यलं. तोंड आमच्या घराकडं, पाठ त्याइच्या रस्त्याकडं. अन् ते हसायले लागले. हसता हसता दगडावर खाली बसले, डोळे पुसले, छत्री बाजूले ठेवली अन् याडीले हाक मारून म्हणाले, "बाई, गूळ असन तं आना."

आमच्याकडं सोयरीक पक्की झाली की गूळ खातात. याडीनं आणलेल्या गुळाचा पहिला खडा सासऱ्याइनं भियाच्या तोंडात घातला.

लग्न झालं. त्या मारेगाववाल्याइच्या दारातून मोटार जाते अजून, जाऊ द्या. हिवाळ्यात चाचा एक दिवस आनंदानं पळत आले, त्याइले कुठं तरी तशीच एक मधली पेटी सापडली होती, म्हणाले, आता गाडी सुलटी करून देतो. सासऱ्याइनं निरोप पाठवला की त्या गाडीचा मागं जायचा एक जरी गिअर कमी केला तर मी पोरगी वापस नेईन. पेटी मोहाखाली पडून आहे. भिया तिच्यावर बसून दाढी करते.

पुढच्या श्रावणात भोजाईच्या, म्हणजे वहिनीच्या, माहेरच्या तांड्यात तीज होती, आमच्या पोरीइचा सण. चार दिवस झड लागलेली. बाकी तांड्याइतल्या सुना घरी बसून होत्या अन् आमची भोजाई नवा फेटिया घालून, ओढणीवरचे आरसे चमकवत, स्टुलावरून ट्रकमधी चढली. याडीनं दारात उभं राहून हात केला, "जा बाई, लवकर ये." भियानं पहिला गिअर टाकला.

आता दुसऱ्या कोणत्या गाडीत कसं, सून बसली, गाडी वळली, पाठ दिसली, हात खाली, आपण आत जाऊन कामाले लागतो. इथं तसं काही होईना. ट्रक मागं मागं चालला अन् भोजाईचं तोंड आमच्याकडंच. ती काचेतून हात हलवून राह्यली. मोहाच्या झाडापाशी गेली, अजून हात हलवून राह्यली. नायकाच्या घरापाशी, तरी. सुनेनं हात खाली घेतल्याशिवाय सासूनं कसा घ्यावा? याडी पावसात भिजून राह्यली, हात वर. नाल्याच्या उतारापाशी गाडी येवढीशी झाली, तरी तो आरशाचा चमकारा आमच्याकडंच.

"अबे," याडी दात दाबून मले म्हणाली, तोंडावरचं हसू न हलवता, "तुही भोजाई वळत काहून नाही? माहा हात दुखून राह्यला."

मी म्हटलं, "याडी, ती सडकेपर्यंत अशीच जाईन."

याडीनं हात बदलला.